सर्दी-खोकल्याचं सिरप चालू असताना तापाची गोळी घेतली तर चालते का?

बाटलीच्या मागचं लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका. मी फार्मसिस्ट आहे, हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. समोर मोठ्या अक्षरांत फक्त ‘सर्दी-खोकला’ असतं, आत काय काय घातलंय ते मागे, डोळे बारीक करून वाचावं लागतं. तिथे पॅरासिटामॉल असेल तर तापाची गोळी म्हणजे तेच औषध दुसऱ्यांदा.

हिशेब करून बघा. समजा, ५ मिलीत २५० मिग्रॅ पॅरासिटामॉल आहे आणि तुम्ही १० मिली दिवसातून चारदा घेताय. झाले २००० मिग्रॅ. वर अंग दुखतंय म्हणून ६५०ची गोळी तीनदा, म्हणजे १९५०. एकूण ३९५०! धडधाकट मोठ्या माणसाची २४ तासांची कमाल मर्यादा ४००० आहे. रात्री कणकण वाटली म्हणून आणखी एक गोळी घेतली की ती ओलांडलीच. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा पिण्याची सवय असेल तर मर्यादा आणखी खाली येते. ती डॉक्टरांनाच विचारा.

लेबलवर क्लोरफेनिरामाइन (शिंका आणि वाहत्या नाकावरचं औषध) दिसलं तर गुंगी येणार हे धरून चाला. गाडी चालवू नका, सोबत दारू किंवा झोपेची गोळी नको. प्रोस्टेट वाढलेल्यांची त्याने लघवी अडकू शकते. नाक मोकळं व्हावं म्हणून घातलेल्या फेनिलेफ्रिनने रक्तदाब वाढू शकतो. बरं, पोटात घेतलेल्या फेनिलेफ्रिनने नाक मोकळं होतच नाही, असं अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीनेच २०२३ मध्ये सांगितलं. खोकला दाबणारं डेक्स्ट्रोमेथॉर्फन असेल आणि डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना किंवा फार्मसिस्टला विचारा. म्हणून मी तरी नुसत्या खोकल्यासाठी चार औषधांचं मिश्रण कोणाला सुचवत नाही.

माप बाटलीसोबतच्या कपानेच घ्या, घरातले चमचे लहानमोठे असतात. चार वर्षांखालच्या मुलांना असं मिश्रण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अजिबात नको, आणि मोठ्यांचं सिरप ‘अर्धंच देऊ’ म्हणून तर नकोच.

पॅरासिटामॉल जास्त गेल्याची शंका आली तर बरं वाटत असलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा, जाताना बाटली आणि गोळ्यांचं पाकीट बरोबर न्या. पहिल्या दिवशी बहुतेकदा काहीच जाणवत नाही, आणि त्यावरचा उतारा पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो.