कढीपत्त्यावरची अळी आणि माळावरचे बीजगोळे

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहतो, मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी चार. सगळे म्हणतात पोरांना निसर्गात न्या, पण न्यायचं कुठं, इथं ना जंगल ना डोंगर. अख्खा मे महिना पडदे लावून घरात काढला. आता पाऊस पडून जरा गार झालंय तर काहीतरी सुरू करावं म्हणते. खर्चाचं नको आणि रोज जमेल असं सांगा, कारण रविवारी ह्यांची ड्यूटी असते.
– एक आई

उत्तर : रोज जमायला पाहिजे म्हणताय ना, मग कुठं न्यायचं हा विचारच सोडा आणि गॅलरीत एक कढीपत्त्याचं रोप आणून ठेवा, लिंबाचं असलं तरी चालतं, त्यावर फुलपाखरं अंडी घालतात. नर्सरीतनं आणलं तर बऱ्याचदा औषध मारलेलं असतं, अशा पानावर अळी जगत नाही, म्हणून पंधरा-वीस दिवस नुसतं पाणी घाला आणि कोवळी पालवी फुटायची वाट बघा. तिसऱ्या मजल्यावर फुलपाखरू येतंय होय, असं वाटेल तुम्हाला, पण येतं की हो. मादी पानावर बसून पुढच्या पायांनी पान चाखते, पटलं तरच अंडं घालते, हे मुलांना सांगून बघा, त्यांना फार आवडतं.

अंडं खसखशीच्या दाण्याएवढं, पिवळसर, कोवळ्या पानावर एकेकटं चिकटवलेलं. तीन-चार दिवसांत अळी निघते आणि ती हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळपट-पांढरी, त्यामुळे पक्षी तिला खायला बघत नाहीत. मग कात टाकत टाकत मोठी होते आणि एक दिवस सकाळी बघाल तर हिरवीगार. तेव्हा गवताच्या काडीनं तिच्या पाठीला अगदी हलकेच हात लावल्यासारखं करायचं, डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन मऊ शिंगं बाहेर येतात आणि उग्र आंबूस वास सुटतो. माझी पोरगी पहिल्यांदा हे बघून दोन पावलं मागं सरकली आणि मग दिवसभर घरात येईल त्याला "वास घे, वास घे" म्हणत गॅलरीत ओढून नेत होती.

अळी बरणीत ठेवायच्या भानगडीत शक्यतो पडू नका. आम्ही एकदा ठेवली होती, एप्रिल होता, बरणी सकाळी सावलीत होती पण दुपारी तिच्यावर ऊन आलं ते माझ्या लक्षातच आलं नाही आणि अळी गेली. पोरगी खूप रडली, मला आजही त्याचं वाईट वाटतं. तेव्हापासून झाडावरच बघतो आम्ही. कोष झाला की तो मधोमध एका रेशमी धाग्यानं काडीला बांधलेला असतो, साधारण आठ-दहा दिवस काहीच होत नाही आणि नंतर तो गडद व्हायला लागला, आतले पंख दिसायला लागले की दुसऱ्या दिवशी मुलांना लवकर उठवा. कधीकधी कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाशी निघते, तिच्या आईनं आधीच अळीत किंवा कोषात अंडी घातलेली असतात. हे मुलांपासून लपवू नका, जसं आहे तसं सांगा, चार वर्षांच्या मुलीलाही कळतं.

आणखी एक सोपं, सरळ भिंतीची काचेची बरणी गच्चीवर ठेवून पाऊस पट्टीनं मोजा. दहा मिलिमीटर भरला तर दहा बाय दहा फुटांच्या गच्चीवर जवळजवळ ९३ लिटर पाणी पडलं, म्हणजे सहा बादल्या. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या आपल्या गावात मुलांना हा हिशोब पटकन समजतो.

प्रश्न : मॅडम, आम्ही दहा-बारा पालकांनी मिळून मुलांकडून तीनेकशे बीजगोळे करून घेतलेत, चिंच, कडुनिंब, गुलमोहर वगैरे. नान्नजकडच्या उघड्या माळावर टाकायचा प्लॅन आहे. आणखी काय अॅक्टिव्हिटी घेता येईल?
– एक बाबा, होटगी रोड

उत्तर : मुलांनी हातानं माती मळली हे फार चांगलं झालं, पण भाऊ, माळावर टाकू नका, मनापासून विनंती आहे. तो माळ उजाड नाही, गवताळ आहे, आणि तो उघडा आहे म्हणूनच तिथं काळवीट आहेत. १९७९ मध्ये तिथं अभयारण्य झालं ते ज्याच्यासाठी, तो माळढोक पक्षी एकच अंडं घालतो आणि तेही उघड्या जमिनीवर, चारी बाजूंनी लांबवर दिसावं लागतं त्याला. आता तो दिसणं फार अवघड झालंय, आणि अशा जागी झाडं वाढवली तर चंडोल, टिटवी यांचीही जागा जाते. टिटवीची अंडी तर खड्यांसारखी दिसतात, गोळे फेकत पळणाऱ्या पोरांच्या पायाखाली सहज येतील.

मुलांना माळावर न्याच, पण रिकाम्या हातानं न्या, गाडीवाटेवरूनच चालवा. पहाटे निघा, गवताच्या कडेला अर्धा तास गप्प बसवा, डोंबारी चंडोल वर चढून गात गात खाली सूर मारतो तो दिसला तर पोरं जागची हलणार नाहीत. आणि दिवाळीच्या सुमाराला कुसळी गवताचं एक वाळलं कुसळ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब सोडा, ते गरगर फिरायला लागतं. असंच फिरत फिरत ते बी स्वतःला जमिनीत खुपसून घेतं, त्याला गोळा लागत नाही.

तयार गोळ्यांचं म्हणाल तर ते सोसायटीच्या कंपाउंडला, शाळेच्या आवारात, जिथं दोन उन्हाळे कुणीतरी पाणी घालेल अशाच ठिकाणी लावा. कडुनिंबाचं बी मात्र गेल्या वर्षीचं असेल तर रुजायचं नाही, ते काही आठवड्यांतच मरतं. सध्या झाडाखाली पिवळ्या लिंबोळ्यांचा सडा पडलाय, पोरांना पिशव्या देऊन त्याच वेचायला लावा, गर धुऊन त्याच आठवड्यात लावून टाका.