परदेशात बसून अफगाण स्त्रियांसाठी निधी जमवून खरंच काही उपयोग होतो का?

होतो, पण तो पैसा नेमका कशावर खर्च होणार हे आधी ठरलेलं असेल तर. मी कॅनडातल्या कॅल्गरीत राहते, त्यामुळे इथलंच सांगते.

तालिबानची पहिली राजवट चालू होती तेव्हा, १९९८ मध्ये, इथल्या काही जणींनी ‘कॅनेडियन विमेन फॉर विमेन इन अफगाणिस्तान’ ही संस्था काढली. पुढे गावोगावी तिचे स्वयंसेवी गट झाले. त्यांची पैसे जमवायची एक रीत म्हणजे चक्क आपली अंगतपंगत! दहा जणांना घरी बोलवायचं, प्रत्येकाने एक पदार्थ आणि ७५ डॉलर आणायचे. जमले ७५०, म्हणजे तेव्हा तिकडच्या एका शिक्षिकेचा वर्षाचा पगार.

आम्ही २०१३ मध्ये अशी पंगत घातली. मी साबुदाण्याची खिचडी केली होती, अफगाण शेजारीण बोलानी घेऊन आली (आपल्या आलूपराठ्याची चुलतबहीण, फक्त पापुद्रा पातळ). बर्फामुळे एकीने ऐन वेळी टांग मारली आणि पाकिटं भरली नऊच. मी जेवणाआधी स्त्रीमुक्तीवर दहा मिनिटं बोलले, ते कुणाला आठवत नसेल. पण ‘७५ कमी पडतायत’ म्हटल्यावर सगळ्यांनी पुन्हा पर्स उघडल्या.

कॅनडातल्याच केलोना शहरात तर २००६ मध्ये अलेना पॉडमोरो नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने पत्रकार सॅली आर्मस्ट्राँग यांचं भाषण ऐकून मुलींचाच गट सुरू केला होता. त्यांचंही लक्ष्य तेच होतं, शिक्षिकांचे पगार.

आपल्या मंडळात हमखास येणारा प्रश्न : ‘मेळघाटातल्या मुली दिसत नाहीत का?’ दिसतात. पण हे विचारणाऱ्याने मेळघाटासाठी पावती फाडल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

१५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान पुन्हा सत्तेवर आले आणि हिशेब बिघडला. सहावीपुढच्या मुलींच्या शाळा बंद झाल्या, डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठं, डिसेंबर २०२४ मध्ये नर्सिंग आणि सुईणीचं शिक्षणही. त्यात तालिबान कॅनडाच्या दहशतवादी यादीत. तिथे काम करताना संस्थेने साधा कर भरला तरी दहशतवाद्यांना पैसा पुरवल्याचा गुन्हा ठरू शकत होता. जून २०२३ मध्ये कायदा बदलला तेव्हा मदतीला वाट मिळाली. ही दुरुस्ती व्हावी म्हणून मदतसंस्था सरकारच्या मागे लागल्या होत्या. लोक ज्याला ‘जागृती’ म्हणतात, तिचा उपयोग मला अशा ठिकाणी दिसतो. मेणबत्त्या लावून फोटो काढण्यात नाही.

आता बराच भर ऑनलाइन वर्गांवर आहे. संस्थेचं ‘दरख्त-ए-दानेश’, म्हणजे ज्ञानाचं झाड, हे डिजिटल ग्रंथालय आधीपासून होतंच. दारी आणि पश्तो या तिकडच्या भाषांतलं शिकण्या-शिकवण्याचं साहित्य तिथे फुकट मिळतं. ज्या घरात वीज नाही, इंटरनेट नाही, तिथे हे पोचत नाही, हेही खरं. आणि इथून कुणी हक्क मिळवून देऊ शकत नाही. शिकणं थोडंफार चालू ठेवता येतं, एवढंच.

तुम्ही गट काढणार असाल तर पैसे देण्याआधी संस्थेला विचारा : सध्या अफगाणिस्तानात काय काम चालू आहे, आणि त्याला महिन्याला किती लागतात? आकडा सांगता आला नाही तर दुसरी संस्था बघा.

आणि पंगतीला अकरा जणांना बोलवा. एक जण गळतोच.