रिचमंडमध्ये काम सुरू करण्याआधी

रोहिणी, कॅलिफोर्नियातल्या बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात) येऊन महिना झाला नाही तोच तुला रिचमंडच्या लोकांसोबत काम करायचंय, याचा फार आनंद झाला. तिथे शेव्हरॉन या तेल कंपनीची रिफायनरी आहे आणि तिच्या कुशीत कृष्णवर्णीय, लॅटिनो, लाओसहून निर्वासित म्हणून आलेली कुटुंबं राहतात. 1999 मध्ये स्फोट झाला तेव्हा धोक्याच्या सूचना इंग्रजीत होत्या. अनेक लाओशियन घरांना त्या कळल्याच नाहीत. मग त्यांनीच संघटित होऊन आपापल्या भाषांत सूचना मिळाव्यात म्हणून लढा दिला. 2012 च्या आगीनंतर सुमारे 15,000 लोकांना दवाखाना गाठावा लागला. 2024 मध्ये कंपनीने शहराला दहा वर्षांत 55 कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, तेही शहराने रिफायनरीवरचा नवा कर मतदानाला टाकायचं ठरवल्यावर.

म्हणून आधी ऐक. सभेत खुर्च्या लाव, मुलं सांभाळ, दुभाष्याची सोय बघ. दुभाष्या नसेल तर ती सभा अर्धीच झाली असं मी मानते. सिटी कौन्सिलचा अजेंडा 72 तास आधी लागतो, तो वाचून जा. बोलायला नागरिकत्व लागत नाही, नाव सांगायची सक्तीही नाही. हे शेजारणींना आवर्जून सांग.

कुणाला व्हिसाबद्दल विचारू नकोस, न विचारता फोटो टाकू नकोस. आणि तुझ्याकडे ग्रीन कार्ड नाही, तेव्हा निवडणूक प्रचाराला पैसे देऊ नकोस, ते बेकायदा आहे.