न विचारता येणारी माणसं

प्रिय एस्तेर,

आजीच्या ऑपरेशननंतर ठाण्याच्या घरात रोज माणसांची रीघ पाहून तू विचारलंस, "न विचारता कसे येतात सगळे? आजीला त्रास नाही का होत?" प्रश्न लागला मला. कारण त्रास होतो, हे खरंच आहे.

आमच्या लहानपणी ठाण्यातल्या चरईत तर चर्चच्या मंडळीतलं कुणी आजारी पडलं की रविवारी उपासनेत पाळकसाहेब नाव सांगायचे आणि संध्याकाळपर्यंत घर भरायचं. लांबलचक प्रार्थना, मधुमेहाच्या माणसापुढे केळ्यांची फणी. तिसऱ्या आठवड्यात मात्र कुणी फिरकायचं नाही, आणि खरी गरज तेव्हाच असते.

ज्यांना हे काम कळायचं, त्या जेनीमावशी आणि तुझी पणजी दोघीच जायच्या, पंधरा मिनिटांसाठी. एकीने बायबलमधलं 23वं स्तोत्र वाचायचं, वचनं सहाच आहेत. दुसरी थेट स्वयंपाकघरात. एक वाटी उकड्या तांदळाला आठ वाटी पाणी, मंद आचेवर दाणा फुटेपर्यंत. गार होताना पेज आळते, म्हणून पातळच उतरवायची. मीठ घरच्यांना विचारून, कारण हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारात ते जपून द्यावं लागतं. मधुमेह असेल तर पेजेऐवजी मुगाचं कढण. खर्च किती आला, हे विचारायचं नाही. आणि निघताना उशाशी बसणारीला म्हणायचं, "आज रात्री मी बसते, तू झोप." मग शेवटची गोळी किती वाजता दिली ते कागदावर लिहून घ्यायचं. तोंडी सांगितलं की तीच गोळी दोनदा दिली जाते.

बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानाच्या 2ऱ्या अध्यायात चौघे जण पक्षाघाती माणसाला उचलून आणतात. दारात इतकी गर्दी की आत शिरता येत नाही, म्हणून छप्पर उघडून त्याला खाली सोडतात. दारातली माणसंही येशूला ऐकायलाच आली होती गं, पण वाट त्यांनीच अडवली होती. आपल्या लोकांत दोन्ही प्रकारची माणसं आहेत, आणि दोन्ही मला आपलीच वाटतात.

तुझ्या मैत्रिणीच्या आईची केमो चालू आहे. जायलाच हवं असं मी म्हणत नाही. गेलीस तर ठाण्यासारखं नको, इथल्या रीतीने आधी विचारून जा. पण "काही लागलं तर सांग" एवढंच लिहू नकोस, त्यावर कुणी काही मागत नाही. "गुरुवारी सहाला जेवण दारात ठेवू का?" असं विचार. कच्चं, कापून ठेवलेलं काही नेऊ नकोस, आणि सर्दी असेल तर जाऊच नकोस. तिच्या धाकट्या भावाला शाळेतून आणायचं असेल, तर गाडी घेऊन मी येतो.

तुझा,
बाबा