टीव्हीवरचं पोकर बघण्यासारखं कशामुळे होतं, आणि ते अजून चांगलं कसं करता येईल?

तुमचा प्रश्न असा आहे की माणसं टेबलाभोवती बसून नुसत्या चिप्स सरकवतात, त्यात तासन्‌तास बघण्यासारखं काय आहे, आणि काय बदललं तर नवख्या माणसालाही ते बघावंसं वाटेल? मी हे सामने बरीच वर्षं आवडीने बघतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मूळ गंमत अशी आहे की आपल्याला सगळ्यांचे पत्ते दिसतात आणि खेळणाऱ्याला फक्त स्वतःचे. टीव्हीवरच्या या पोकरमध्ये प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेले पत्ते असतात आणि टेबलावर पाच सामाईक पत्ते उघडतात, आधी तीन एकदम, मग एकेक; या सातांतले सर्वोत्तम पाच धरायचे. गणपतीच्या जागरणात तीन पत्तीचा डाव रंगला की कुणीतरी मागे बसून दोघांचेही पत्ते बघत असतो. तो खेळत नसतो, पण सगळ्यात जास्त जीव त्याचाच वरखाली होत असतो. टीव्ही आपल्याला त्या जागी बसवतो.

पूर्वी तसं नव्हतं. 1988 साली लास व्हेगासमध्ये वर्ल्ड सीरीज ऑफ पोकर या पोकरच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत जॉनी चॅनचा सीक्वेन्स पहिल्या तीन सामाईक पत्त्यांतच लागला होता. तो शांत बसून राहिला आणि एरिक सायडेलने राणीच्या जोडीवर सगळ्या चिप्स पुढे केल्या. सापळा अप्रतिम होता, पण त्या काळच्या चित्रीकरणात डाव चालू असताना हातातले पत्ते दिसत नसत, त्यामुळे बघणाऱ्याला सापळा लागत असताना कळायचाच नाही. 1999 मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरवर ‘लेट नाइट पोकर’ सुरू झालं. त्यात टेबलात काच बसवून खालून पत्ते टिपले जायचे. अमेरिकेत हातातले पत्ते दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचं पेटंट हेन्री ओरेनस्टाइन यांनी घेतलं. हा माणूस पोलंडमध्ये जन्मला, नाझी छळछावण्यांतून वाचला, अमेरिकेत खेळण्यांच्या धंद्यात मोठा झाला आणि स्वतः उत्तम पोकर खेळायचा. टीव्हीवरच्या पोकरवर त्याच्याइतके उपकार क्वचितच कुणाचे असतील.

या कॅमेऱ्याची खरी ताकद दिसली 2003 मध्ये. टेनेसीचा ख्रिस मनीमेकर हा अकाउंटंट शंभर डॉलरपेक्षा कमी पैशांत ऑनलाइन पात्रता फेरी खेळून 10,000 डॉलर प्रवेश फी असलेल्या वर्ल्ड सीरीजच्या मुख्य स्पर्धेत आला. 839 खेळाडूंतून शेवटी दोघं उरले, तो आणि मुरलेला खेळाडू सॅमी फारहा. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती. टेबलावर इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की, इस्पिकची अठ्ठी. म्हणजे एक इस्पिक आलं तर कलर, पंजी किंवा दश्शी आली तर सीक्वेन्स. शेवटचा पत्ता आला बदामची तिर्री. काहीच जुळलं नाही. फारहाकडे नव्व्यांची जोडी होती, म्हणजे तो सरळसरळ पुढे होता. तेव्हा मनीमेकरने सगळ्या चिप्स लावल्या.

आता फारहाचा चेहरा बघा. आपल्याला माहीत आहे की त्याने नुसतं ‘कॉल’ म्हटलं, म्हणजे तितक्याच चिप्स लावून पत्ते उघडायला लावले, तर समोरचा जवळजवळ संपला. तो हातातले पत्ते बघतो, बोलतो, अंदाज घेतो, आणि पत्ते टाकून देतो. मनीमेकर पुढे 25 लाख डॉलर जिंकला. 2006 पर्यंत त्याच स्पर्धेत 8,773 जण उतरले, यामागे त्या प्रक्षेपणाचा मोठा हात होता. या डावात शेवटचा पत्ता आल्यावर नशिबाचा काही भागच उरला नव्हता. उरला होता फक्त एका माणसाचा निर्णय.

म्हणूनच मला प्रचंड रकमेचे सगळे डाव सारखे आवडत नाहीत. ‘हाय स्टेक्स पोकर’ या टीव्ही कार्यक्रमातला डॅनियल नेग्रियानू आणि गस हॅन्सनचा डाव लोक आजही शेअर करतात. नेग्रियानूच्या छक्क्यांच्या फुल हाउसवर (तीन छक्क्या आणि एक जोडी) हॅन्सनच्या चार पंज्या निघाल्या आणि 5,75,700 डॉलरचा पॉट, म्हणजे डावात जमलेली सगळी रक्कम, गेला. डोळे दिपतात हे खरं, पण नेग्रियानूच्या जागी बहुतेक कुणीही हरलंच असतं. नव्व्यांची जोडी टाकायची की ठेवायची, यात जास्त नाट्य आहे.

आता सुधारणांकडे येतो, आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार पडद्यावर जिंकण्याची शक्यता दाखवणाऱ्या टक्क्यांबद्दल आहे. ‘83 टक्के – 17 टक्के’ हा आकडा दोघांचे पत्ते माहीत धरून काढलेला असतो. खेळाडूला ते माहीत नसतात. त्यामुळे 17 टक्के दिसत असलेल्या माणसाने पैसे लावले की घरी बसलेला प्रेक्षक त्याला मूर्ख ठरवतो, जेव्हा हातातल्या माहितीनुसार त्याने अगदी बरोबर केलेलं असू शकतं. पत्ते दाखवून जे कमावलं, ते टक्के दाखवून अर्धं घालवलं जातं.

माझा उपाय असा: प्रत्येक सत्रातले काही डाव एकाच खुर्चीतून दाखवा. फक्त फारहाचे पत्ते दिसू देत, मनीमेकरचे झाकलेले राहू देत. प्रेक्षकाला स्वतःच ठरवू द्या. निर्णय झाल्यावर तोच डाव सगळे पत्ते उघडे ठेवून पुन्हा दाखवा. नाहीतरी बहुतेक थेट प्रक्षेपणं, पत्त्यांची माहिती टेबलापर्यंत पोहोचू नये म्हणून, काही मिनिटं उशिरानेच दाखवली जातात, त्यामुळे तांत्रिक अडचण फारशी नाही. समालोचकांनीही ‘याच्याकडे अमुक आहे’ हे दिसतंच ते सांगण्यापेक्षा, ‘इतका वेळ असं खेळलेल्या माणसाकडे काय काय असू शकतं’ यावर बोलावं. खेळाडूच्या डोक्यात तेच चाललेलं असतं.

चिप्सचे नुसते आकडे तर बंदच करावेत. ‘20 लाख चिप्स’ म्हणजे खूप की थोड्या? मोठा ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीच सक्तीने लावायची रक्कम) एक लाखाचा असेल तर हा माणूस फक्त 20 ब्लाइंडवर आहे, जवळजवळ कडेलोटावर. पडद्यावर ब्लाइंडचा हिशोब दिला की नवख्यालाही ताण कळतो. निर्णयाला घड्याळ लावणंही आवश्यक आहे. काही स्पर्धांनी तीस सेकंदांची मर्यादा आणि जादा वेळेची मोजकी कार्डं आणली, त्याने फरक पडला.

बोलण्याचा प्रश्न अवघड आहे. 2016 च्या वर्ल्ड सीरीजच्या मुख्य स्पर्धेत विल्यम कसूफ सतत बोलत, ताणत खेळला, वेळकाढूपणाबद्दल त्याला दंडही झाला, आणि शेवटी त्याच्या राजांची जोडी ग्रिफिन बेंगरच्या एक्क्यांना भिडून तो सतराव्या क्रमांकावर बाहेर पडला. टेबलावरच्या लोकांना तो असह्य झाला होता, पण प्रेक्षक खिळून होते. माझं मत असं की वेळ काढण्यावर कडक बंधन हवं आणि बोलण्यावर कमीत कमी. काळा चष्मा, डोक्यावर हुड, कानात हेडफोन अशा नऊ मूक आकृत्या बघायला कोण बसेल? टीव्हीच्या टेबलावर चेहरा उघडा असलाच पाहिजे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट सहज करता येईल, ती म्हणजे मराठी समालोचन. ब्लाइंड, शो, कलर, सीक्वेन्स हे शब्द तीन पत्तीमुळे आपल्या तोंडात आहेतच. फक्त सामाईक पत्त्यांची कल्पना आणि ब्लाइंडचा पोकरमधला वेगळा अर्थ समजावला की काम झालं. बघण्याची आवड लागली म्हणून पैसे लावून खेळायलाच हवं असं मुळीच नाही. 2025 च्या कायद्याने भारतात पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीही आली आहे.

तुम्हाला आजच करून बघायचं असेल तर एखाद्या अंतिम टेबलाचं पूर्ण, न कापलेलं चित्रीकरण यूट्यूबवर लावा, एक खेळाडू निवडा आणि बाकीच्यांचे पत्ते दिसतात तो पडद्याचा भाग कागदाने झाकून घ्या. तुमचा खेळाडू विचारात पडला की व्हिडिओ थांबवा, तुम्ही काय केलं असतं ते ठरवा, मग कागद काढा.