डोळ्यात मल्टिफोकल (दूरचे आणि जवळचे दोन्ही दिसावे अशी) लेन्स बसवल्यानंतर रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. ती कालांतराने जातात का?

बहुतेक रुग्णांना ही वलये काही महिन्यांत फारशी जाणवेनाशी होतात, परंतु ती पूर्णपणे नाहीशी होतीलच असे नाही, कारण त्यांचे मूळ लेन्सच्या रचनेतच आहे. दोन केंद्रबिंदू असलेल्या, बारीक वर्तुळाकार खाचांच्या नेहमीच्या लेन्समध्ये सुमारे 41 टक्के प्रकाश दूरच्या आणि तेवढाच जवळच्या प्रतिमेसाठी वापरला जातो व उरलेला वाया जातो. त्यामुळे दूरचे पाहताना दृष्टिपटलावर एक दुय्यम, अस्पष्ट प्रतिमाही पडते आणि तीच अंधारात वलयासारखी दिसते. मंद प्रकाशात फिकट अक्षरे वाचणे जड जाते तेही याच कारणाने, म्हणून तक्त्यावर 6/6 दृष्टी आली तरी रुग्णाची तक्रार खोटी ठरत नाही. त्या दुय्यम प्रतिमेकडे दुर्लक्ष करण्यास मेंदूला साधारण 3 ते 6 महिने लागतात. मात्र दिवसाही धूसर दिसत असेल, तर केवळ वाट न पाहता डोळ्यांचा कोरडेपणा, राहिलेला नंबर (विशेषतः सिलिंडरचा) आणि लेन्समागील पातळ पडद्याचा गढूळपणा तपासून घ्यावा. तो गढूळपणा घालवण्यासाठी त्या पडद्यावर केल्या जाणाऱ्या लेसरची घाई मात्र करू नये. कारण त्या लेसरनंतर लेन्स बदलायची वेळ आली, तर ते अधिक जोखमीचे होते.