गाडीच्या एसीच्या जाळ्यांतून हवा फारच कमी येते; काय करावे?

आपली गाडी फोंड्यात झाडाखाली उभी असते, पंख्याचा आवाज पूर्ण येतो, पण डॅशबोर्डच्या जाळ्यांतून हवा जेमतेम येते, असे आपण लिहिले आहे. पंखा फिरतो आणि हवा वाटेत अडते, असा याचा सरळ अर्थ होतो; म्हणून लगेच गॅस भरून घेण्याची घाई कृपया करू नका.

प्रथम केबिन फिल्टर, म्हणजे गाडीत येणारी हवा गाळणारी जाळी, पाहावा. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबून तो खाली उतरवला की फिल्टरचे झाकण दिसते. गोव्यात पावसाळा सरल्यावर हा फिल्टर पालापाचोळा, तांबडी धूळ आणि बुरशी यांनी गच्च भरलेला सापडतो. फिल्टर बाहेर काढून पंखा क्षणभर लावावा. जोर लगेच वाढला, तर दोष तिथेच आहे. कागदी फिल्टर धुऊ नये, नवाच बसवावा, आणि त्यावरील बाणाची दिशा जुन्याप्रमाणेच ठेवावी. वायपरखालच्या जाळीत अडकलेली पानेही काढावीत.

हवा सुरुवातीला चांगली येऊन काही वेळाने मंदावत असेल, तर इव्हॅपोरेटरवर, म्हणजे डॅशबोर्डच्या आत हवा थंड करणाऱ्या भागावर, बर्फ जमून वाट अडत असण्याची शक्यता अधिक. आपल्याकडच्या दमट हवेत हे चटकन घडते. अशा वेळी एसी बंद करून नुसता पंखा दहा-पंधरा मिनिटे चालवावा, आणि त्याने हवा पूर्ववत झाली, तरच मेकॅनिककडून गॅसचा दाब व इव्हॅपोरेटरचा तापमान सेन्सर तपासून घ्यावा.